तसाच परत आलेला डबा

मी एक जुना पितळी डबा आहे. तीन खणांचा, धरायला वर मूठ, आणि झाकण घट्ट बसावं म्हणून बाजूला खिट्टी. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. माझ्यासमोर दुसऱ्या कुणाचं कौतुक झालेलं मला खपत नाही. डब्यानं कसं समाधानी असावं, घालतील ते पोटात घ्यावं, असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. मला ते कधी जमलं नाही.

वसमतच्या एका तांबटानं मला घडवलं. ठोकून ठोकून पत्रा सारखा केला, कडा वळवल्या आणि आतून पांढरीशुभ्र कल्हई चढवली. मला वाटलं, आता माझ्यासारखा मीच. पण त्याच दुकानात माझ्या शेजारी एक घंगाळ होतं. येणारं गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे वळायचं. "काय घाट हाय हो!" म्हणत लोक त्याला टिचक्या मारून बघायचे आणि मला उचलून बाजूला ठेवायचे. शेवटी एका बापानं लेकीच्या, राधिकाच्या लग्नासाठी आम्हा दोघांनाही विकत घेतलं आणि आम्ही रुखवतात गेलो, तर तिथंही बायका घंगाळापुढंच थांबल्या! मी म्हटलं, थांबा. ते सणावाराला बाहेर निघणारं भांडं, मी रोजचा. बघू पुढं कुणाचं नाव निघतं ते.

आणि माझंच निघालं. राधिकाचा नवरा अंगद कळमनुरीला एका कार्यालयात कारकून होता. राधिका सकाळी माझ्या खालच्या खणात भाकरी, मधल्यात भाजी आणि वरच्यात ठेचा-कांदा भरायची. दुपारी कार्यालयामागच्या चिंचेखाली सगळी मंडळी डबे घेऊन बसायची. अंगद मोठा हसरा गडी. कुणाची नक्कल कर, कुणाची टोपी उडव, त्याच्याशिवाय पंगतीला रंग नव्हता. माझी खिट्टी काढताना तो आधी वास घ्यायचा आणि ओरडायचा, "अंबाडी हाय रे! आज कुणालाच देणार न्हाई." मग सगळ्यांना वाटायचा. भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी असली की खण बोटानं पुसून काढायचा. एकच घास तो मुद्दाम मागं ठेवायचा, त्याच्या लेकीसाठी, राणीसाठी. ती संध्याकाळी दारातच मला ओढून घ्यायची. घरात तीच भाकरी असली तरी तिला बापाच्या डब्यातलीच गोड लागायची. त्या वर्षांत मला कुणाचा हेवा वाटला नाही. एका सोबत्याच्या शेंगदाण्याच्या चटणीचा वाटला थोडा, पण ते जाऊ द्या.

मग हिंगोली जिल्हा झाला. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. जिल्ह्याच्या कामासाठी परभणीला मारायचे खेटे वाचले म्हणून लोक खूश होते. नव्या जिल्ह्यात नवी कार्यालयं उघडली आणि अंगदची बदली हिंगोलीला झाली. कोणत्या कार्यालयात ते विचारू नका, नाव घेऊन काय करायचंय? टेबलं आली, खुर्च्या आल्या, लोखंडी कपाटं आली. माणसं मात्र पुरी आली नाहीत. ज्यांच्या बदल्या इकडं झाल्या होत्या त्यांनी वशिले लावून त्या थांबवल्या, आणि त्यांची टेबलं अंगदच्या गळ्यात पडली. तिथं त्याला 'अतिरिक्त कार्यभार' असं भारदस्त नाव आहे.

त्याचे साहेब होते अमृतराव. वाईट माणूस नव्हे. पण वरून फोन आला की ते नुसतं 'होय सर, होय सर' करायचे, आणि मग ते अंगदच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. "अंगदराव, तुम्ही आहात म्हणून हे ऑफिस चाललंय हो. दुसऱ्या कुणाला सांगू?" अंगदची मान ताठ व्हायची. खोटं कशाला बोलू, माझीही व्हायची. आमचा माणूस म्हणजे अख्खं कार्यालय! त्या कौतुकापायी तो आणखी एक गठ्ठा ओढून घ्यायचा.

हळूहळू माझी वेळ पुढं सरकायला लागली. दुपारचं जेवण तिसऱ्या प्रहरी व्हायला लागलं. खिडकीशी माणसं उभी असायची. "साहेब, लांब हट्टा गावाहून आलो, तेवढी एक सही बघा ना." अंगदला नाही म्हणता यायचं नाही. तो एका हातानं भाकरी मोडायचा आणि दुसऱ्या हातानं शिक्का मारायचा. टेबलावर एक काळा फोन होता, त्याचा मला भारी राग यायचा. तो नुसता किंचाळला की अंगद घास टाकून त्याला कानाशी धरायचा. मी तीन खण भरून बसलोय, माझ्याकडं बघायला वेळ नाही, आणि त्या पोकळ डबड्याचे एवढे लाड!

पण फोन बरा म्हणायची वेळ आली, कारण मग आली अंजली.

अंजली शेजारच्या टेबलावर नवी कारकून म्हणून रुजू झाली. हुशार, सडेतोड बाई. तिचं मला काही नव्हतं. तिच्याबरोबर आला तो निळा डबा. अन्न गरम ठेवणारा, बाहेरून गुळगुळीत, खिट्टी नाही की कल्हई नाही. नुसतं झाकण फिरवलं की वाफ निघायची. मी सकाळपासून गार पडून राहायचो आणि हा पठ्ठ्या दुपारी दोनला वाफ काढून दाखवायचा! माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची.

आणि एक दिवस मी जे पाहिलं ते कुठल्या डब्यानं पाहू नये. माझी खिट्टी अजून उघडलीही नव्हती. अंजलीनं निळ्या डब्यातली पोळी मेथीच्या भाजीत गुंडाळली आणि अंगदच्या हातात ठेवली. "सर, आधी खा," म्हणाली. आणि त्यानं खाल्ली! राधिकानं पहाटे उठून थापलेली भाकरी माझ्या पोटात होती, तिला हात नाही, आणि परक्या पोळीला हात! त्या संध्याकाळी मी तसाच घरी गेलो, तिन्ही खण भरलेले घेऊन.

पहिल्यांदा असा गेलो तेव्हा राणीला कोण आनंद झाला! एका घासाच्या जागी अख्खा डबा. ती फतकल मारून खायलाच बसली. राधिकानं मात्र चुलीपाशी उभ्या उभ्या विचारलं, "तुमी जेवलात कुठं?"

"खाल्लं काहीतरी ऑफिसात," अंगद म्हणाला आणि बुटासकट खाटेवर आडवा झाला.

मग हे रोजचंच झालं. अंगद घरी येऊन बोलायचा नाही. राणी गळ्यात पडली की तिला बाजूला सारायचा. एकदा तर तिच्यावर असा खेकसला की ती कोपऱ्यात जाऊन बसली. रविवारीही तो कार्यालयात जायचा. नकला संपल्या, हसणं संपलं. आणि या सगळ्यात कधी चुकून एखादं वाक्य बोललाच, तर ते असायचं, "अंजली मॅडमनं आज चहा मागवला." झालं! राधिकाच्या मनात पाल चुकचुकली. ती मला घासताना स्वतःशीच बोलायची, "काहून जेवत न्हाईत माझ्या हातचं? कोण घालून राहिली त्यांला?" मला बोलता येत असतं तर मी लगेच सांगितलं असतं, निळा डबा! आम्ही दोघं मोरीपाशी बसून एकाच माणसासाठी जळत होतो. फरक एवढाच की ती रडायची आणि मला रडता येत नव्हतं.

शेवटी तिनं परीक्षा घ्यायचं ठरवलं. एक दिवस वांग्याच्या भाजीत तिनं मुद्दाम मीठ ओतलं. चिमूट नव्हे, मूठ. इतकं, की माझी कल्हईसुद्धा खारटली. माणूस एक घास घेईल आणि थुंकून देईल, मग घरी येऊन ओरडेल, निदान बोलेल तरी, असा तिचा हिशेब. नेमकं त्या दिवशी वीज गेली होती, काम थोडं थांबलं होतं, आणि अंगदनं मला उघडलं. मी म्हटलं, आता बघा गंमत. तो खात गेला. एक भाकरी संपली, दुसरी संपली, भाजीचा खण रिकामा झाला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. घरी आल्यावर राधिकानं विचारलं, "भाजी कशी झाली होती?"

"चांगली होती," तो म्हणाला.

राधिकानं माझ्या रिकाम्या खणात बोट फिरवून चाखलं, खारटच होतं. ती समजायची ते समजली: या माणसाची जीभही आता आपली राहिली नाही, मन कुठंतरी दुसरीकडंच आहे. मीही तेच समजलो. जळणाऱ्याला दुसरं काही सुचतच नाही, मित्रांनो.

पोळा जवळ आला. आदल्या दिवशी सकाळीच अंगदचे वडील भुजंग गावाहून, डोंगरकड्याहून, त्याला मुद्दाम न्यायला आले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळण असते, आणि तिला अंगद कधी चुकला नव्हता. त्यानं मान न उचलता सांगितलं, "जमणार न्हाई, बाबा. काम हाय." आणि मला तसाच ओट्यावर विसरून तो कार्यालयात निघून गेला.

राधिकानं पदर खोचला. मला पिशवीत घातलं आणि सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, चला. तुमचं लेकरू कोणत्या कामात गुंतलंय ते दाखवते." मी पिशवीत बसून मनातल्या मनात तिला शाबासकी देत होतो. आज निळ्याची खैर नाही!

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होती. अंजली आपल्या टेबलावर एकटीच जेवत होती. अंगदच्या खिडकीशी झुंबड होती. एक माणूस त्याला वाट्टेल ते बोलत होता, "पगार कशाचा घेता हो? बसून ऱ्हायचा?" आणि अंगद हातातल्या शिक्क्याकडं नुसता बघत बसला होता. त्याला राग आला नाही, वाईट वाटलं नाही. फोन वाजत होता, तोही त्यानं उचलला नाही. राधिका त्याच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. त्यानं वर न बघता हात पुढं केला.

"अर्ज आणला का बाई? न्हाई तर रांगेत थांबा."

राधिकानं पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "अहो, मी हाय. राधिका."

त्यानं पाहिलं. ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. भुजंग दारातच भिंतीला धरून उभे राहिले. राधिका गर्रकन अंजलीकडं वळली, घरून घोकत आणलेलं तिनं बोलून टाकलं, पण आवाजात जोर उरला नव्हता. "बाई, काय खाऊ घालता तुमी माझ्या मालकाला?"

अंजली हात धुवायचंही विसरली. "वहिनी, मी देते ते तरी कुठं गळ्याखाली उतरतं त्यांच्या? हातात दिलं तर खातात, न्हाई दिलं तर न्हाई. काय खाल्लं ते विचारा, सांगता येत न्हाई. परवा जिन्यात मधेच बसले होते. काहून बसलात म्हटलं, तर म्हणाले आठवत न्हाई. मी साहेबांना सांगून थकले. मला वाटलं, घरी तरी तुमी बघत असाल."

राधिकानं मला छातीशी धरलं. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की माझी मूठ वाजत होती. मग ती तडक अमृतरावांच्या खोलीत गेली. अमृतराव दचकून उठले, म्हणाले, "वहिनी, रजा देतो हो, पण काम कोण करणार? अंगदरावांशिवाय..."

"साहेब, खुर्चीचा पाय मोडला तर तुमी खुर्ची दुरुस्तीला धाडता," राधिका म्हणाली. "माझा माणूस तुमच्या डोळ्यांदेखत मोडून राहिला, आन् तुमी त्याच्यावर आणखी बसून राहिलात." बोलता बोलता तिला रडू फुटलं. अमृतरावांनी कपाळाचा घाम पुसला आणि महिनाभराची रजा मंजूर केली.

त्याच संध्याकाळी डोंगरकड्याला गोठ्यात भुजंगांनी लोणी आणि हळद वाटीत कालवली. बैलांचे जुवाखालचे खांदे चोळले आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." अंगद बाजूला दगडावर बसला होता. भुजंग थोडे घुटमळले. मग वाटीत उरलेलं लोणी बोटांवर घेऊन त्यांनी लेकाचा सदरा मागून खाली ओढला आणि त्याचे खांदे चोळायला लागले. "तू बी आवतन घे, लेकरा. उद्या जेवाया ये." अंगदचे खांदे हलायला लागले. कितीतरी महिन्यांचं रडू एकदम आलं. मी राधिकाच्या पिशवीतून बघत होतो. अशा वेळीही मला त्या लोण्याच्या वाटीचा हेवा वाटला, की जे मला रोज भरून जाऊन जमलं नाही, ते हिला रिकामी होताना जमलं.

पहिले काही दिवस अंगद नुसता झोपला. मग बैलांमागं शेतात जायला लागला, मग राणीला खांद्यावर घेऊन. आणि एका दुपारी जेवताना तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "राधे, आमटीत मीठ लई झालं." राधिका हसतही होती आणि डोळेही पुसत होती. मीठ खरंच जास्त होतं, राणीनं चुकून दुसऱ्यांदा टाकलं होतं.

महिन्यानं आम्ही कार्यालयात परतलो. मी घासूनपुसून लखलखत होतो, नवी कल्हई केलेली. मनात एकच होतं, आज निळ्यासमोर ऐटीत उघडायचं. पण निळा डबा दिसेना. पाहिलं तर तो अंजलीच्या टेबलाखाली पायाशी पडला होता, झाकण बंद. अंगदचे सगळे गठ्ठे अंजलीच्या टेबलावर गेले होते. तिचे डोळे खोल गेले होते. तिनं चहाचा भरला कप कागदांच्या गठ्ठ्यावर तिरका ठेवला आणि चहा सांडला तरी तिला कळलं नाही. तेवढ्यात अमृतराव आले आणि तिला म्हणाले, "मॅडम, या महिन्यात तुम्ही होतात म्हणून ऑफिस चाललं हो."

मला आधी आनंद झाला, सांगायला काय? जिरली म्हटलं निळ्याची! दुपार उलटली, निळा उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तो भरलेलाच घरी जायला निघाला तेव्हा त्याच्या अंगावर धूळ होती, आणि माझ्या आनंदातला सगळा जीव गेला. ती वाट मला माहीत होती. भरल्या पोटानं परतताना काय वाटतं, ते त्या कार्यालयात मला एकट्यालाच कळत होतं. मला आणि अंगदला.

अंगद अमृतरावांच्या खोलीत गेला आणि दार उघडंच ठेवून बोलला. "साहेब, माझी जादाची टेबलं मी परत घेणार न्हाई, आन् मॅडमवर बी ठिवू देणार न्हाई. एकाएकाचं एकच टेबल."

"आणि बाकीचं काम?"

"राहील. राहू द्या. आमी मरमर करून सगळं उरकतो म्हणून वर वाटतं, इथं माणसं पुरी हायत. काम राहिलं म्हणून कळवा. तवा माणसं येतील."

"माझ्यावर येईल हो हे," अमृतराव म्हणाले.

"येईल, साहेब. पण मॅडम जिन्यात बसायच्या आत येऊ द्या."

अमृतरावांनी कोरा कागद पुढं ओढला. मग त्यांनी वर कळवलं. त्यांना बोलणी बसली, कामं तुंबली, खिडकीपाशी आरडाओरडा झाला. जेवणाच्या वेळी खिडकी बंद व्हायला लागली तेव्हा लोकांनी दोन दिवस दार वाजवलं. माणसं आली, पण लगेच नाही, पुढच्या वर्षी आली. तोवर राहिलेलं काम राहिलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

खिडकी पहिल्यांदा बंद झाली त्या दुपारची गोष्ट सांगतो. अंगदनं मला टेबलाच्या मधोमध उघडलं. राधिकानं धपाटे दिले होते, वर दही. त्यानं पहिला धपाटा उचलला आणि अंजलीच्या हातात ठेवला. पहिला! माझ्या पोटातला, राधिकाच्या हातचा पहिला घास, निळ्याच्या मालकिणीला. मी जळलो. मित्रांनो, आयुष्यात इतका कधी जळलो नव्हतो. अंजलीनं तो घेतला, बराच वेळ नुसता धरून बसली, मग एक घास खाल्ला आणि म्हणाली, "तीळ हायत यात." तिला तीळ कळले होते. अंगद हसला, कळमनुरीच्या चिंचेखाली हसायचा तसा, आणि त्यानं दुसराही तिलाच दिला. मी दातओठ खाऊन बसलो, पण खण पुढं सरकवलाच.

आता मी फळीवर असतो. माझ्या जागी स्टीलचा डबा जातो, आणि त्याचा मला हेवा वाटतो हे वेगळं सांगायला नको. तुमच्याही घरून सकाळी कुणीतरी डबा घेऊन कामाला जात असेल, आई असेल, बाप असेल. संध्याकाळी तो डबा तुम्ही स्वतः उघडत जा. तसाच परत आला तर रागावू नका, कुणी दुसरं खाऊ घालतंय का असल्या शंका काढू नका. शेजारी बसा आणि विचारा, तुमच्या टेबलावर किती जणांचं काम आहे? आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.